मलईतलं माकूल

खापरखेडा, जि. नागपूर
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

प्रिय ताई,
जयभीम.

दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. त्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "तुम्ही लोक आमच्या योग्यतेचे नाही." त्या असं म्हणाल्या नव्हत्या. त्यांचे शब्द होते, "तुमच्याकडे माकूल नाही."

तू हे पत्र अर्ध्यावर फाडशील अशी भीती वाटते, म्हणून मुख्य गोष्ट सुरुवातीलाच लिहून टाकली. फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. शिवाय तोंडी सांगण्यात मी एकदा चुकलेच आहे.

त्या दिवशी तू पुण्यात दवाखान्यात ड्युटीवर होतीस, त्यामुळे काय झालं ते तुला फक्त माझ्याकडूनच कळलं. बाबा पहिल्या पाळीला प्लांटवर गेले होते आणि मोबाईल घरी विसरले होते. आई दळण आणायला गेली होती. काकींचा, म्हणजे तुझ्या सासूबाईंचा, फोन मी उचलला. लग्नाची बोलणी करायला त्या आणि रोशनजिजाजी देवगडहून पुढच्या आठवड्यात आपल्याकडे येणार होते. मी विचारलं, "काकी, तुमच्या जेवणाची सोय कशी करू?" त्या म्हणाल्या, "सोयीचं काय गो, तुमच्याकडे माकूल नाही." आणि फोन कटला.

तुला तिकडे हा शब्द आता रोजचा झाला असेल. पण आपल्या घरात माकूल म्हणजे योग्य, लायक, ते आठव. प्लांटमधले निम्मे लोक हिंदी बोलणारे, आणि बाबांच्या तोंडी त्यांचेच शब्द. साहेबाला माकूल जवाब दिला. मीटिंगमध्ये चहाचा माकूल इंतजाम होता. रोशनजिजाजींचा फोटो पाहून तेच म्हणाले होते, "पोरगं माकूल दिसते." तेव्हा काकी "माकूल नाही" म्हणाल्या, तो मला त्यांचा निकाल वाटला.

बाबा अडीचला आले. सायकल लावता लावता त्यांनी विचारलं, "काय म्हनत होत्या विहीनबाई?"

मी म्हणाले, "म्हणाल्या, तुम्ही लोक माकूल नाही."

"तुमच्याकडे"चं "तुम्ही लोक" मी केलं. ठरवून केलं नाही, पण केलं मीच. बाबा डबा धुवायला मोरीत गेले आणि तो एकच डबा फार वेळ धूत राहिले. बाहेर आले ते एवढंच म्हणाले, "येऊ नका म्हना त्याइले." मग तू पुण्यात नोंदणी करून लग्न केलंस आणि आपल्या घरातून सही करायला कुणी आलं नाही.

तू तेव्हा हट्ट धरलास की त्या नेमकं काय म्हणाल्या ते मला लिहून पाठव. तेव्हा मी आणखी एक गोष्ट केली. शाळेत घालायच्या आधी बाबांनी आपल्याला घरीच शिकवलं. पाळी संपवून आले की पेपर उघडून मजकूर सांगायचे आणि आपण दोघी पाटीवर लिहायचो. आठवतं ना, ते म्हणायचे, "बोलतांना काईबी बोला, लिहितांना शुद्ध लिहा." म्हणून लिहिताना मी हिंदी शब्द काढला आणि त्या जागी "योग्यतेचे" लिहिलं. वाक्य पूर्ण व्हावं म्हणून "आमच्या"सुद्धा माझंच घातलं. तो शब्द तसाच राहिला असता तर तू काकींना एकदा विचारलं असतंस आणि गोष्ट तिथेच संपली असती. मी तो शुद्ध करून पाठवला. साहजिकच त्या म्हणाल्या, मी असं बोललेच नाही. त्या खरं बोलत होत्या. तू त्यांच्यावर विश्वास ठेवलास ते बरोबर केलंस.

मला ते वाक्य इतकं पटकन खरं का वाटलं, यावर मी विचार केला आहे. मी अपमानाची वाट बघत होते. महिनाभर घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगत होता की परजातीतले लोक आहेत, आज गोड बोलतात, एक दिवस बोलून दाखवतीलच. मला वाटलं, तो दिवस आला.

आता मला कसं कळलं ते. मी ज्या छापखान्यात मुद्रितं तपासते तिथे डिसेंबरात एका पाकपुस्तकाचं काम आलं. लेखिका वेंगुर्ल्याच्या. बावन्नाव्या पानावर शीर्षक होतं, "मलईतलं माकूल". मला वाटलं, पुढचा शब्द गळला. माकूल काय? कोंबडं? पनीर? मी शब्दाला गोल केला आणि समासात लिहिलं, "विशेषण आहे, नाम राहून गेलं का?" चार दिवसांनी लेखिकाबाईंचं उत्तर आलं, "नामच आहे. माकूल म्हणजे स्क्विड. समुद्रात मिळतं, नागपुरात नसेल."

नागपुरात नसेल. ते वाचून मला खुर्चीवर नीट बसता येईना. मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुला महिनाअखेरीस सातवा महिना लागेल, हे आईच्या फोनवरच्या बोलण्यातून कानावर आलं. बाबा ड्युटीवर असले की ती तुला फोन करते, हे मला माहीत आहे, तिला सांगू नकोस. डॉक्टर फेब्रुवारीच्या अखेरपर्यंतच प्रवास करू देणार, हेही त्यातच ऐकलं. म्हणजे वेळ आहे, पण फार नाही.

तुझी
मेघा


खापरखेडा
सोमवार, १३ जानेवारी २०२५

प्रिय ताई,
जयभीम.

तुझं उत्तर आलं नाही, ते येईल असं धरूनही चालले नव्हते. तरी लिहिते, कारण काल मी माकूल केलं.

माझा विचार असा होता. बाबांना तोंडाने सांगणं मला जमत नाही. पण ताटात माकूल वाढलं, त्यांनी खाल्लं आणि त्याचं नाव ऐकलं, तर त्यांचं त्यांनाच उमगेल. मग मला फक्त "हो" म्हणावं लागेल.

नागपुरात सदरमध्ये एका गोठवलेल्या मालाच्या दुकानात पाकीट मिळालं. गोल गोल कापलेलं, पांढरं. बसमध्ये मांडीवर घेऊन आले तेव्हा पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत ओला झाला होता. आईने पाकीट उघडून पाहिलं.

"हे काय वं? गॅसच्या नळीचे तुकडे आनले का?"

"समुद्रातलं आहे आई. खातात."

"खात असतीन. दात कोनाचे जातीन?"

मी लोणी टाकून लसूण परतला आणि मलईचा डबा काढला, तशी ती माझा हात धरायलाच आली. "मासोळी अन् दूध एका भांड्यात? अंगाले कोड फुटते, मेघा. शिकलेली आहे ना तू?"

"मासोळी नाही हे. याला काटे नसतात."

"मंग काय, भेंडी आहे?"

पुस्तकात लिहिलं होतं की माकूल आचेवर दोन-तीन मिनिटंच ठेवावं. त्यापुढे गेलं की ते चामड्यासारखं होतं, आणि मग पाऊण तास शिजवल्याशिवाय मऊ होत नाही. मधे कुठे थांबलं तर खाता येत नाही. हे वाक्य मी स्वतः तपासलेलं, त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातचं. तरी ते कच्चं राहील या भीतीने मी पंधरा मिनिटं ठेवलं. आईने एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला, मग बाहेर काढून बघितला आणि पुन्हा तोंडात टाकला. म्हणाली, "संध्याकाळपर्यंत होईन."

नशीब, पाकीट अर्धंच वापरलं होतं. दुसऱ्या वेळी घड्याळ समोर ठेवलं. लोणी, ठेचलेला लसूण, बारीक कांदा, मोठ्या आचेवर दोन मिनिटं माकूल, मग ते बाजूला काढायचं. त्याच कढईत मलई, कुटलेलं मिरं, मीठ, मलई जरा घट्ट झाली की माकूल परत आत, एक उकळी आणि लगेच गॅस बंद. वरून कोथिंबीर माझ्या मनाची. ताई, ते खरंच छान झालं होतं. मऊ, तरी दाताला जाणवणारं, आणि मलईत लसणाचा वास मुरलेला.

बाबा जेवायला बसले. पोळीबरोबर खाल्लं. दुसऱ्यांदा मागून घेतलं. आईने आधी हात लावला नाही. मग त्यांच्या ताटातला एक तुकडा उचलला, आणि नंतर आपल्या ताटात वाढून घेतलं. बाबांनी नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

तर असं झालं. आता दुसरा मार्ग बघायला हवा.

तुझी
मेघा


खापरखेडा
सोमवार, २० जानेवारी २०२५

प्रिय ताई,
जयभीम.

मागच्या पत्रात एक वाक्य असं होतं, "बाबांनी नाव विचारलं, मी सांगितलं." यात खोटा शब्द एकही नाही, पण वाक्य खोटं आहे. आठवडाभर ते माझ्या डोक्यातून जात नाही. घडलं ते असं.

बाबा म्हणाले, "काय म्हनते याले?"

मी म्हणाले, "स्क्विड."

"इंग्रजी नाव झालं हे. आपल्यात काय म्हनते?"

"आपल्यात मिळतच नाही ना बाबा, तर नाव कुठून असेल."

"हेबी खरं आहे," ते म्हणाले. मग पोळीचा घास मलईत फिरवून त्यांनी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मिरं माकूल पडलं वं."

तो शब्द ताटावर होता, ताई. त्यांच्याच तोंडातून आलेला. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की बाबा, तुम्ही खाताय त्यालाच माकूल म्हणतात. मी उठले आणि पाण्याचा जग भरून आणला. जग आधीच भरलेला होता. तो मी मोरीत ओतला आणि परत भरला.

मला कशाची भीती वाटते ते मला माहीत आहे. बाबा रागावणार नाहीत. ते मला आयुष्यात रागावलेले नाहीत. पाटीवर लिहायचो तेव्हा तू शब्द गाळायचीस, बाबा पुन्हा सांगायचे. माझा एकही गळायचा नाही. शेजारचे चंद्रभानकाका येऊन बसायचे, त्यांना ते सांगायचे, "लहानीचा कान पाहा. मी सांगतो तेच कागदावर येते, कमी नाही, जास्त नाही." मी पाच वर्षांची होते. एवढं कौतुक माझं पुढे कुणी कधी केलं नाही. छापखान्यातही मी त्याच कौतुकावर जगते. ते गेलं तर माझ्याकडे काय उरेल, हे मला दिसत नाही.

हे कारण पुरेसं नाही, हे मला समजतं. तुझ्या बाळापुढे ते फार लहान आहे. तरी लिहून ठेवते.

तुझी
मेघा


खापरखेडा
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,
जयभीम.

तुझं पोस्टकार्ड मंगळवारी आलं. नशीब, पोस्टमन आला तेव्हा दारात मीच होते. तू दोनच ओळी लिहिल्यास. "तुझी तिन्ही पत्रं सासूबाईंना वाचून दाखवली. त्या विचारतात, फोन कटला असं ती कसं लिहिते? त्यापुढे मी बोलले होते ते तिने तुम्हाला सांगितलं नाही का?"

नाही सांगितलं. कुणालाच नाही. तुला तीन पत्रं लिहिली, त्यांत इतक्या चुका कबूल केल्या, आणि हे लपवून ठेवलं. फोन कटला नव्हता. काकी हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "इकडे आलात की मीच करून घालीन हो पोरी."

त्यांना दोन वर्षांनी ते आठवतं म्हणजे त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं.

हे वाक्य मला त्याच वेळी खटकलं होतं, ताई. तुम्ही आमच्या लायक नाही म्हणणारी बाई पुढच्या क्षणी करून घालीन का म्हणेल? आणि काय करून घालील? दोन्ही वाक्यं एकमेकांशी जुळत नव्हती. मुद्रितात अशी न जुळणारी ओळ आली की मी समासात खूण करते आणि विचारते. तो माझा पोटापाण्याचा धंदा आहे. त्या दिवशी मी खूण केली नाही, ओळच काढून टाकली. उरलेलं वाक्य एकटं ठेवलं की ते स्वच्छ अपमानासारखं दिसत होतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी अपमानाची वाट बघत होते. ते खरं आहे, पण अर्धंच. तू इतक्या दूर जाऊ नयेस असंही मला वाटत होतं. तू पुण्याला होतीस तेव्हा दर दोन महिन्यांनी यायचीस. देवगड मला नकाशात शोधावं लागलं. लग्न मोडावं असं माझ्या मनात आलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण बोलणी थोडी लांबली तर बरं, एवढं आलं होतं. मग ती लांबलीच नाहीत, तुटली. आणि मी गप्प राहिले, कारण तोपर्यंत सगळे माझंच वाक्य घेऊन भांडत होते.

म्हणजे माझी चूक ऐकण्याची नाही. ऐकलं मी अगदी बरोबर होतं, दोन्ही वाक्यं, शब्दाला शब्द. सांगताना एक बदललं आणि एक दाबलं.

परवा घरात काय झालं ते आता सांगते. आई मेथी निवडत होती, बाबा बुटांना पॉलिश करत होते. आईने हातातली जुडी खाली ठेवली आणि एकदम बोलली. ते बोलायला ती दोन महिने धीर गोळा करत होती.

"दीक्षाले सातवा महिना आहे. पयलं बाळंतपन माहेरीच होत असते."

बाबांचा ब्रश थांबला नाही. "मले माहीत आहे."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"तू दुपारी फोनवर बोलते ते चंद्रभानच्या घरापर्यंत ऐकू जाते, कौसल्या."

आई लाजली. मग म्हणाली, "मंग जा ना तिले आनाले. गाडीत एकटी येईन का ती?"

"कुठं जाऊ? ज्याइनं आपल्याले माकूल नाही म्हटलं त्याइच्या दारात उभा राहू? माह्या बापानं असं ऐकलं, मीबी ऐकलं. पोरीच्या सासरी जाऊन पुन्हा ऐकाले मले नाही जमत." बूट त्यांनी उजेडात धरून बघितला. "त्याइनं एक शब्द टाकला असता तरी गेलो असतो. या म्हना, बसा म्हना. कोनी म्हटलं काय?"

"कोनं सांगा, म्हटलंबी असन," आई म्हणाली. "फोनवरचं बोलनं ते. काई ऐकू आलं असन, काई नसन."

"मेघानं ऐकलं आहे," बाबा म्हणाले. "मेघा चुकत नाही."

मी तिथेच इस्त्री करत होते, ताई. दोघांपासून चार हातांवर. त्यांना हवा असलेला एक शब्द मला माहीत होता, दोन वर्षांपासून. या म्हटलं होतं. करून घालीन म्हटलं होतं. मी बाबांच्याच शर्टाची बाही इस्त्री करत होते. ती दुमडून मी तशीच पुढे करत राहिले.

बाबा नंतर मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळाने पाहिलं तर ते माझ्या मुद्रितांचे गठ्ठे खिडकीजवळच्या पलंगावरून उचलून कपाटावर ठेवत होते. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, "धूळ होते." पलंगाखालची धूळ त्यांनी काढली नाही. पलंग तेवढा मोकळा केला.

तू येशील की नाही हे तू ठरव. मी अमुक केलं म्हणून तू यावंस असं मी म्हणणार नाही. पण बाबांनी यायचं की नाही, हे त्यांना माझ्या वाक्यावरून ठरवावं लागू नये. काकींच्या वाक्यावरून ठरवू देत.

मी दोन्ही वाक्यं एका कागदावर लिहून काढली आहेत. तुमच्याकडे माकूल नाही. इकडे आलात की मीच करून घालीन हो पोरी. शुद्ध केलेली नाहीत. खाली मी त्यांना काय सांगितलं ते, आणि तुला काय लिहिलं ते. पुस्तकातल्या बावन्नाव्या पानाची प्रतही जोडली आहे. पण कागद त्यांच्या हातात देऊन मी बाजूला होणार नाही. समोर बसून वाचून दाखवणार, आईलाही बसवणार. मग ते विचारतील त्याची उत्तरं देणार. स्क्विडचं विचारलं तर तेही.

आज का नाही, असं तू विचारशील. आजपासून बुधवारपर्यंत बाबांची रात्रपाळी आहे. हे डोक्यात घेऊन त्यांनी बॉयलरजवळ उभं राहावं असं मला वाटत नाही. हीसुद्धा सबब तर नाही ना, म्हणून मी आज सकाळी पाळ्यांचा तक्ता पुन्हा पाहिला. सबब नाही. बुधवारी रात्री जातील, गुरुवारी सकाळी सातला येतील, झोपतील, दुपारी उठून जेवतील. गुरुवार रात्र आणि शुक्रवार त्यांना सुट्टी आहे.

जेवण झालं की सांगणार. गुरुवारी, १३ फेब्रुवारीला.

तुझी
मेघा